रिंग जाते, आवाज येत नाही: कॉल सेंटरच्या सर्व्हरचे पोर्ट

कोल्हापुरात राजारामपुरीतलं पंचवीस एजंटांचं कॉल सेंटर असो की शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याचं पाच खुर्च्यांचं सर्व्हिस डेस्क, अ‍ॅस्टेरिस्क (कॉल चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवल्यावर पहिली तक्रार ठरलेली: कॉल लागतो, उचललाही जातो, पण पलीकडचं ऐकू येत नाही. रिंग आणि आवाज वेगवेगळ्या पोर्टांवरून (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारांवरून) जातात. रिंगचा पोर्ट सगळे उघडतात, आवाजाचे अर्धवट राहतात.

कॉल लावणं, उचलणं, ठेवणं हे सिप या प्रोटोकॉलचं काम. त्याला यूडीपी ५०६० लागतो, टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलं असेल तर टीसीपी ५०६१; यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, यूडीपीवरूनच जातो, पण त्याला एक ठरलेला पोर्ट नाही. दर कॉलला एका पट्ट्यातून नवे पोर्ट मिळतात. अ‍ॅस्टेरिस्कच्या नमुना सेटिंगमध्ये हा पट्टा १०००० ते २००००, फ्रीस्विच या तशाच सॉफ्टवेअरमध्ये १६३८४ ते ३२७६८.

दहा हजार पोर्ट पंचवीस खुर्च्यांना लागत नाहीत. कॉलच्या प्रत्येक बाजूला दोन पोर्ट धरा: सम आकड्यावर आवाज, पुढच्या विषम आकड्यावर आरटीसीपी (आवाजाच्या दर्जाची माहिती). एजंट आणि ग्राहक मिळून एका कॉलला चार, म्हणजे २५ कॉलना १००. प्रेडिक्टिव्ह डायलर (आपोआप नंबर लावणारं सॉफ्टवेअर) एका एजंटमागे तीन नंबर फिरवत असेल तर ग्राहकांकडचे १५० आणि एजंटांकडचे ५०, एकूण २००. ट्रान्सफर वगैरेसाठी जागा सोडून १०००० ते १०४९९ पुरे. हे आकडे आरटीपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये घाला आणि फायरवॉलमध्येही नेमके तेच ठेवा. फायरवॉलचा पट्टा लहान राहिला तर सगळे कॉल बिघडत नाहीत, अधूनमधून एखादाच मुका निघतो आणि चार दिवस हेडसेट बदलण्यात जातात.

एजंट ब्राउझरमधून बोलत असतील तर टीसीपी ८०८९ हवा आणि त्यावर खरं सर्टिफिकेट हवं. एचटीटीपीएस नसलेल्या पानाला ब्राउझर माइक देत नाही. टर्न सर्व्हर (थेट वाट नसताना आवाज पुढे पोचवणारा) असेल तर ३४७८.

आता बंद काय ठेवायचं. सर्व्हरला बाहेरून हुकूम देण्याच्या मॅनेजर इंटरफेसचा ५०३८ आणि डेटाबेसचा ३३०६ इंटरनेटला उघडायचा नाद करू नका. डायलर त्यांच्याशी आतल्या नेटवर्कवरूनच बोलतो. ५०६० फक्त ट्रंक (बाहेरच्या फोनशी जोडणारी लाइन) देणाऱ्या कंपनीच्या आयपींना उघडा. सगळ्या जगाला उघडा ठेवलात तर पासवर्ड फोडणारे स्कॅनर लगेच मागे लागतात, आणि एखादा कच्चा पासवर्ड सापडला की रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं. पोर्टचा नंबर बदलल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, कुलूप लागत नाही. कंपनीकडून सिग्नलिंगचे (सिपचे) आणि मीडियाचे (आवाजाचे) आयपी वेगवेगळे मागून घ्या. बऱ्याचदा ते निराळे असतात आणि एकच यादी घातली की आवाज अडतो. गडहिंग्लजहून घरी बसून काम करणाऱ्या एजंटांना व्हीपीएन द्या. वायरगार्ड या व्हीपीएनला यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट पुरतो.

पोर्ट बरोबर असूनही आवाज एकतर्फी असेल तर संशय नॅटवर, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या राउटरच्या कामावर. सर्व्हर पलीकडच्याला १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता सांगतो आणि आवाज तिकडे पाठवायला वाटच नसते. पीजेसिप या सिप मॉड्यूलच्या ट्रान्सपोर्ट सेटिंगमध्ये बाहेरचा मीडिया पत्ता, बाहेरचा सिग्नलिंग पत्ता आणि लोकल नेट हे तिन्ही भरा, मग अ‍ॅस्टेरिस्क पूर्ण रीस्टार्ट करा. नुसत्या रीलोडने ट्रान्सपोर्टचे बदल सहसा लागू होत नाहीत. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या संदेशांतले पत्ते बदलणारी सोय) बंद करा. ते मदतीला म्हणून असतं, पण पत्ते चुकीचे बदलून ठेवतं.

पावसाळ्यात मुख्य लाइन जाऊन राउटर दुसऱ्या लाइनवर गेला की बाहेरचा आयपी बदलतो, सेटिंगमध्ये मात्र जुनाच असतो. दोन्ही लाइनचे स्टॅटिक आयपी आधीच ट्रंक कंपनीकडे नोंदवा आणि लाइन बदलल्यावर पत्ता बदलून रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट ठेवा.

बरोबर ३२ सेकंदांनी कॉल तुटत असेल तर नेटवर्क हळू नाही, एसीके (कॉल उचलल्याची पोच) मिळत नाही. हाही बहुधा पत्त्याचाच घोळ. थोडा वेळ शांत राहिलेल्या फोनवर कॉल येईनासे झाले, तर राउटरने यूडीपीची वाट बंद केलेली असते. क्वालिफाय (फोन जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने विचारणारी सेटिंग) ३० सेकंदांवर ठेवा.

तपासताना ऑनलाइन पोर्ट चेकरवर विसंबू नका, यूडीपीबाबत त्यांचं उत्तर भरवशाचं नसतं. चाचणीचा कॉल लावा आणि अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर आरटीपी डीबग चालू करा. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांनी प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० ओळी दिसायला हव्यात. ग्राहकाच्या बाजूने ‘गॉट’ (पॅकेट आलं) येतच नसेल तर फायरवॉल किंवा मीडिया आयपीची यादी बघा. ‘सेंट’ (पॅकेट पाठवलं) या ओळीसमोर अनोळखी आतला पत्ता दिसला तर नॅट. दोन्ही बाजूंना दोन्ही ओळी नीट चालल्या असतील, तर आता खुशाल हेडसेट बदला.