साइटवर मराठी बिघडली? आधी कचरा नीट बघा

क्लायंटचा फोन येतो, ‘मॅडम, साइटवर चायनीज दिसतंय.’ लगेच फाइल उघडून सेव्ह मारू नका. होतं ते बिघडेल. चाचणीचं एक पान करा आणि त्यात ‘ठाणे’ टाका. मी ठाण्यातल्या नौपाड्याची, म्हणून हा शब्द; पण हिशोबालाही बरा पडतो. चार चिन्हं (ठ, काना, ण, मात्रा), यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या सध्याच्या नेहमीच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), प्रत्येकी ३ बाइट, एकूण १२.

डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए रांगेने दिसले, तर बाइट बहुधा शाबूत असतात, वाचणारा चुकतोय. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप हेडर बघा, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो ती माहिती. तिथे दुसरं एन्कोडिंग लिहिलेलं असेल तर पानातल्या मेटा चारसेटला, म्हणजे एचटीएमएलमधल्या एन्कोडिंग सांगणाऱ्या ओळीला, कोणी विचारत नाही. हेडर गप्प असेल तरच मेटाचा नंबर, आणि तोही पहिल्या १०२४ बाइटांत हवा.

हेडर ठीक? मग मायसीक्वेल, म्हणजे साइटचा डेटाबेस. मजकूर असलेल्या कॉलमवर हेक्स फंक्शन चालवा, ते साठवलेले बाइट दाखवतं. कॉलम यूटीएफ८एमबी४ (मायसीक्वेलमधलं पूर्ण यूटीएफ-८) आहे आणि ‘ठाणे’ ई०ए४ए० ने सुरू होतंय, तर साठवण बरोबर. साइटच्या पीएचपी कोडमध्ये डेटाबेसच्या कनेक्शनला चारसेट सांगायचं राहिलंय. सी३ए० ने सुरू होत असेल तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. टेबलची कॉपी काढा, तिच्यातला कॉलम आधी लॅटिन१ (जुनं युरोपीय एन्कोडिंग), मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ असा उलट फिरवा. आणि नुसते ३एफ, ३एफ दिसले तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत. अक्षरं गेली, बॅकअप शोधा.

‘मराठी चालतं, फक्त गणपतीच्या पोस्टला एरर येते’ म्हणजे पोस्टमध्ये इमोजी आहे. मायसीक्वेलचं जुनं यूटीएफ८ ३ बाइटांवर थांबतं, इमोजीला ४ लागतात.

डीटीपीवाल्याकडून आलेल्या मजकुराची गंमत वेगळी. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते एन्कोडिंग कितीही बदला, सुधारणार नाही. आत मराठी नसतेच, फॉन्ट तसं दाखवतो. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर हमखास तिथेच माती खातात.

शेवटचं, बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण. एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडायची सीएसव्ही असेल तर तो हवा. पीएचपी फाइलला मात्र नको, नाहीतर ‘हेडर्स आधीच गेले’ म्हणून ती रडत बसते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचं नाव असतं, तिथून बदलता येतं.