शांततेचा अभ्यास करायचाय? आधी पाण्याचा हिशेब शिका

बडोद्यात घरी सांगून बघा की शांतता, सुरक्षा आणि मानवतावादी मदत हे विषय शिकायचेत. दांडिया बाजारातले काका विचारतात, "म्हणजे लष्करात जाणार?" आणि मावशी म्हणते, "समाजसेवाच ना? त्याला पदवी कशाला?" मला दोन्ही ऐकावं लागलं.

पहिल्या सत्रात शांतता-अभ्यासाचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग भेटतात. बंदुका थांबल्या म्हणजे शांतता आली असं नव्हे, अन्याय तसाच असेल तर ती अर्धीच, हे वाचून भारावून जायला होतं. मग युद्धातही माणसांना कसं वागवायचं हे सांगणारे 1949चे जिनिव्हा करार येतात. हे सगळं लागतंच. पण छावणीत उभं राहिल्यावर कामाला येतात ती 'स्फिअर' मानकं, म्हणजे मदतकार्यासाठीचे आंतरराष्ट्रीय किमान निकष: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 3.5 चौरस मीटर छप्पर, 20 जणांमागे एक संडास, आणि त्यांतले बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट.

ऑगस्ट 2024मधला आपल्या विश्वामित्री नदीचा पूर आठवा आणि आपल्या गल्लीतल्या शाळेवर हे आकडे लावून बघा. समजा तिथे आसऱ्याला 300 माणसं आली. रोजचं पाणी 4500 लिटर, म्हणजे 5000चा टँकर जेमतेम एक दिवस. संडास 15 हवेत. शाळेत किती आहेत ते जाऊन मोजा. मग मदत कुणाला द्यायची त्याची यादी. भाड्याच्या खोलीतला, रेशनकार्ड नसलेला मजूर तिच्यात आहे का? मदत गरजेप्रमाणेच द्यायची, हे तत्त्व इथेच कसाला लागतं. एका वस्तीला आधी ताडपत्री मिळाली आणि शेजारच्या वस्तीला नाही, तर पाणी ओसरतं, अढी मात्र राहते. शांततेचं काम वेगळ्या खात्यात नसतं, ते या यादीतच असतं.

कुठे शिकायचं? माझं मत: आधी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून समाजकार्य करा. तिथलं क्षेत्रकार्य घाम काढतं, पण तेच उपयोगी पडतं. पुढे दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाचं शांतता आणि संघर्ष निवारण शिकवणारं नेल्सन मंडेला केंद्र किंवा मुंबईत 'टिस'चं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आपत्ती व्यवस्थापन. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची स्वप्नं जरूर बघा, पण दोन वर्षं काम करून मग. तोवर काय विचारायचं ते कळलेलं असतं.

पगाराबद्दल गोड बोलत नाही. बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी, निधी संपला की संपल्या. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, बाकी हिंदी ही आपली जमेची बाजू आहे, ती अर्जात लिहायला लाजू नका. आणि एक्सेल नीट शिका. मुलाखतीत गाल्टुंगबद्दल क्वचितच विचारतात. साठ्याची नोंद कशी ठेवाल, हे विचारतात.