बेस गिटारवर पहिली गाणी कोणती घ्यावीत

गायला सोपं असलेलं गाणं बेसवर सोपं असेलच असं नाही. उलटही तितकंच खरं आहे. मुरक्या-हरकतींनी भरलेल्या गाण्याखाली बेस कधी कधी दोनच सुरांवर उभा असतो, आणि बालगीतासारख्या साध्या चालीखाली तो दर मात्रेला जागा बदलतो. म्हणून गाणं निवडताना चाल बाजूला ठेवा आणि खालचा सूर ऐका.

त्यासाठी आधी कानात इअरफोन घाला. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, तिच्या शेजारची तार 55 वेळा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला एवढा खालचा सूर काढताच येत नाही. स्पीकरवर ऐकून 'यात बेसच नाही' असं वाटतं, किंवा गिटारचा सूर बेसचा समजून बसवला जातो. गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बेस गुणगुणून पाहा. जो बेस गुणगुणता येत नाही, तो बोटांतून निघत नाही. ते गाणं सध्या सोडा. दुसऱ्यांदा पायाने ठेका धरा आणि एक सूर किती मात्रा टिकतो ते मोजा. तिसऱ्यांदा वहीवर सूर बदलण्याच्या जागांवर रेघा मारा.

मोजायची खरी गोष्ट ही मधली वेळ. सूर तीन आहेत की पाच, यापेक्षा एका सुरावरून दुसऱ्यावर जायला हाताला किती उसंत मिळते ते महत्त्वाचं. मिनिटाला 80 ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचं आवर्तन 3 सेकंद चालतं. 120 ठोक्यांत तेच 2 सेकंदांत संपतं. नवख्या हाताला बोट उचलून, तार बदलून, पुन्हा घट्ट दाबायला जवळजवळ एक सेकंद लागतो. म्हणून 70 ते 90 ठोक्यांचं, आणि सूर आवर्तनाला एकदाच बदलणारं गाणं पहिल्या महिन्यासाठी योग्य. लय मोजायला मोबाइलवरचं कोणतंही मेट्रोनोम चालेल.

आता पट्टी. बेसच्या चार मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. त्यामुळे पांढरी दोनमधल्या गाण्याचे तीन मुख्य सूर (सा, म, प) डी, जी आणि ए या मोकळ्या तारांवरच मिळतात. पांढरी सहामध्येही ए, डी, ई असं तेच घडतं. डावा हात जवळजवळ मोकळा राहतो आणि सगळं लक्ष उजव्या हाताच्या ठेक्याकडे देता येतं.

पण मोकळ्या तारांच्या गाण्यात एक खोट असते. वाजवलेली तार आपणहून थांबत नाही. डी वाजवून जीवर गेलात तरी डी घुमतच राहते आणि दोन जाड सूर एकमेकांत मिसळून गढूळ आवाज येतो. यावर उपाय: नवी तार छेडण्याच्या क्षणी डाव्या हाताची बोटं आडवी करून जुन्या तारेवर हलकेच टेकवायची. दाबायची नाहीत, दाबलं की नवाच सूर निघतो. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर टेकवून ठेवला की तिचाही बंदोबस्त होतो. ही सवय पहिल्याच गाण्यात लागली नाही तर पुढे फार त्रास देते. म्हणून पहिलं गाणं दोन तारांचंच घ्या आणि थांबवणं त्यावर पक्कं करा.

तारा दाबायची गाणी घ्याल तेव्हा पाचव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) आसपासची घ्या. नेहमीच्या 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे 5 इंचांचं अंतर पडतं, पाचव्यापासून आठव्यापर्यंत सुमारे 4 इंचांचं. लहान हाताला हा एक इंच फार असतो. पहिल्या फ्रेटजवळचं गाणं निवडून मनगट दुखवून घेणारे आणि आठवडाभरात बेस भिंतीला टेकवून ठेवणारे पोट्टे गावोगावी सापडतील. दोष त्यांच्या हाताचा नसतो, निवडलेल्या पट्टीचा असतो.

भजनी मंडळात बसायचं असेल तर एक आकृती पाठ करा. सा जिथे आहे, त्याच फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेवर म. तिथून दोन फ्रेट पुढे प. आणि त्याच फ्रेटवर आणखी एक बारीक तार गाठली की वरचा सा. पेटीवाला 'काळी चार' म्हणाला की जाड ई तारेचा चौथा फ्रेट सा. म ए तारेच्या चौथ्यावर, प सहाव्यावर, वरचा सा डी तारेच्या सहाव्यावर. काळी एक म्हणाला तर ए तारेचा चौथा फ्रेट धरा आणि तीच आकृती एक तार बारीककडे सरकवा. बोटांची मांडणी अजिबात बदलत नाही.

भजन पहिलं गाणं म्हणून उत्तम, कारण पेटीवर बहुतेक चालच वाजते आणि कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) बदलायचे नसतात. केहेरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेला सा, पाचव्या मात्रेला प, एवढंच वाजवा. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेला. रूपकाच्या सात मात्रा सध्या राहू द्या. चाल पुन्हा पुन्हा मध्यमावर येऊन थांबत असेल तर प टोचतो. तिथे प ऐवजी म घ्या, लगेच गोड लागतं. खंजिरीवरच्या भजनांचं मात्र एक लक्षात ठेवा: शेवटाकडे लय चढत जाते. 80 ला सुरू झालेलं भजन दीडपट वेगावर जाऊन संपतं आणि नवखा बेसवाला मागे पडतो. लय चढली की सूर कमी करा; पाचवी मात्रा सोडून फक्त समेवर सा ठेवा. समेवर बसलेला एक सूर मंडळाला पुरतो, घाईत घसरलेले चार सूर सगळ्यांना पाडतात.

वडसा-ब्रह्मपुरीकडच्या झाडीपट्टी नाटकांत वाजवायची ओढ असेल तर ती गाणी पहिल्या वर्षी टाळलेली बरी. तिथे नट थांबला की संगीत थांबतं, तो सुटला की सुटतं. ठरलेलं आवर्तन मोडतं. ऐकायला जरूर जा आणि ढोलकीवाल्याच्या उजव्या हाताकडे बघत बसा.

भजनातून चार कॉर्डच्या गाण्यांकडे यायचं असेल तर यूटू या आयरिश बँडचं 1987 चं 'विथ ऑर विदाउट यू' सरावाला चांगलं. डी, ए, बी, जी हे चार सूर प्रत्येकी एक आवर्तन, तोच क्रम गाणंभर. डी घ्या ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर. बाकी तीन जाड तारेवर पाचव्या, सातव्या, तिसऱ्या फ्रेटला. मूळ बेस आवर्तनाला आठ ठोके वाजवतो, पण तुम्ही पहिले दोन-तीन दिवस एकच वाजवा, मग दोन, मग चार, मग आठ. सूर तेच राहतात, फक्त उजवा हात वाढतो.

याच्या उलट उदाहरण 2003 च्या 'सेव्हन नेशन आर्मी' या इंग्रजी रॉक गाण्याचं. सात सुरांचा तो तुकडा सगळे नवशिके आधी धरतात, कारण तो कानाला लगेच लागतो. ए तारेवर तो 7, 7, 10, 7, 5, 3, 2 असा येतो. तार एकच, पण हात दहाव्या फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत घसरतो आणि न बघता थांबायचं कुठे हे नवख्याला कळत नाही. शिवाय तो आवाज मुळात बेसचा नाही. गिटार पेडलमधून एक सप्तक खाली उतरवलेली आहे. त्यामुळे तुमच्या बेसवर तो तसा वाजला नाही तर बेसला दोष देऊ नका. गाणं घ्याच, पण पाचव्या-सहाव्या क्रमांकाला.

जुनी गाणी बसवताना सूर जुळत नसेल तर टेपचा वेग थोडा कमीजास्त असल्यामुळे गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलेलं असू शकतं. तुम्ही चुकलेला नसता. चारही तारा गाण्याच्या सुराला सारख्या सरकवून घ्या. मोबाइलवरचा ट्युनर (सूर तपासणारं अ‍ॅप) जाड तार पकडत नसेल तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून ती छेडा. निघणारा वरचा सूर मोबाइल पकडतो. यूट्यूबवर वेग 0.75 केला तरी पट्टी तीच राहते, म्हणून हळू करून शिकायला हरकत नाही.

भारनियमनात अ‍ॅम्प बंद असेल तर बेसचं वरचं शिंग (लाकडी अंगाचं पुढे आलेलं टोक) लाकडी कपाटाला किंवा दाराला घट्ट टेकवून वाजवा. लाकूड घुमतं, अंधारातही प्रत्येक सूर छातीला लागतो आणि कोणती तार थांबवायची राहिली ते लगेच कळतं.

मंडपात नुसता भोंगा असेल तर तिथे बेसचा खालचा सूर पोहोचतच नाही. एक तर 12 किंवा 15 इंची स्पीकरचा डबा मागा, नाहीतर त्या दिवशीची गाणी डी आणि जी तारेवर एक सप्तक वर बसवून न्या.