हॉरर गेम तपासताना गप्प बसा

हॉरर गेम बनवत असाल तर खेळणाऱ्याला "भीती वाटली का?" असं विचारूच नका, ओळखीची माणसं हमखास हो म्हणतात. दिवे मालवा, हेडफोन द्या आणि मागे गप्प बसून बघा. नौपाड्यातल्या आमच्या घरी मावसभाऊ खेळत होता. जिन्याच्या बंद दाराशी त्याचा अंगठा कंट्रोलरवर थबकला, खांदे वर चढले. भीती तिथे होती! महिनाभर खपून केलेलं भूत समोर आलं, तेव्हा तो सरळ पळत पुढे गेला. खेळणाऱ्याची परवानगी घेऊन स्क्रीन आणि चेहरा ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने एकत्र रेकॉर्ड करा. गेम पहिल्यांदा खेळणारा माणूस एकदाच मिळतो, म्हणून सगळ्यांना एकदम बोलावू नका; दोघांचं बघून दुरुस्ती करा, मग पुढचे. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून काय आठवतंय तेवढंच विचारा.