ट्रेकिंग क्लबात लीडर व्हायचंय? मग आधी सगळ्यांच्या मागून चाला

पाऊस सुरू झाला की आमच्या क्लबच्या नंबरवर नवीन पोरापोरींचे मेसेज यायला लागतात, दादा मला ट्रेक लीडर व्हायचंय, काय करावं लागेल, सर्टिफिकेट कुठं मिळतं, पैसे किती सुटतात. दरवेळी वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी डोंबिवलीचा, नोकरी आयटीत, आणि बरीच वर्षं अशा क्लबात आहे जिथं कोणाला पगार नाही, ऑफिस नाही, दोर आणि तंबू एका मेंबरच्या माळ्यावर पडलेले असतात आणि मीटिंग दुसऱ्याच कोणाच्या तरी हॉलमध्ये होते, काकू पोहे करतात.

आधी क्लब म्हणजे काय ते क्लिअर करू, कारण रील बघून येणाऱ्यांचा इथंच घोळ होतो. शनिवार-रविवारी बसा भरून नेणारे जे आहेत तो धंदा आहे, आणि नीट केला तर चांगला धंदा आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. क्लबचा हिशोब वेगळा. गाडी, गावातलं जेवण, वनखात्याची पावती, दोर-हार्नेस बदलायला थोडी रक्कम बाजूला, या सगळ्याला भागिले माणसं, ती तुमची काँट्री. आमच्यासारखे बरेच जुने क्लब 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात, मग धर्मादाय आयुक्तांकडं कागद, दरवर्षी ऑडिट, वार्षिक सभा हे सगळं आलंच. शिवाय राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 चं, त्यात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी सांगितलेली आहे, तेव्हा कुठल्याही ग्रुपबरोबर जायच्या आधी नोंदणीचं बिनधास्त विचारा, राग आला तर समजून जा.

नवीन व्हॉलंटियरला आमच्याकडं पहिलं काम मिळतं रिअर लीडचं, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं. तोंडं पडतात पोरांची. त्यांना पुढं राहून वाट दाखवायची असते, झेंडा घेऊन फोटो काढायचा असतो. पण खरं काम मागंच शिकायला मिळतं. नियम एकच, तुमच्या मागं आपलं कोणी असता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. माहुलीच्या किल्ल्यावर तीस जण घेऊन गेलात की पुढचा लीडर वरच्या शिडीपाशी पोचलेला असतो आणि शेवटची मंडळी अजून खालच्या जंगलातच घाम पुसत बसलेली, एक जण झाडामागं जाऊन येतो म्हणून गेलेला, एकीला व्हिडिओ करायचाय, आणि एकाच्या बुटाचा सोल निघालाय, हा सोलवाला प्रत्येक पावसाळी बॅचमध्ये असतोच, वर्षभर माळ्यावर पडलेले बूट थेट डोंगरावर आणलेले असतात. म्हणून मागच्या माणसाकडं प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर चिकटपट्टी, जास्तीची नाडी, टॉर्च, ओआरएसची पाकिटं आणि स्वतःला लागेल त्याहून एक बाटली जास्त पाणी.

मागं चालताना माणसं वाचायला येतात. दमलेला माणूस दमलो म्हणून कधीच सांगत नाही, विशेषतः ऑफिसच्या चार मित्रांबरोबर आलेला. पण सकाळपासून बडबड करणारा अचानक गप्प झाला, साध्या पायरीवर अडखळायला लागला, पाणी नको म्हणाला की ओळखायचं. तेव्हा "काय रे झेपत नाय का" असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही, बाजूला घ्यायचं, बसवायचं, सॅक हलकी करायची, काहीतरी खारट खायला द्यायचं. आणि तरी जमत नसेल तर पहिल्या तासा-दीड तासातच एक व्हॉलंटियर बरोबर देऊन खाली पाठवायचं. हे बोलणं सगळ्यात अवघड, समोरचा नाराज होतो, काँट्री परत मागतो, कधी बायकोसमोर इज्जतीचा प्रश्न करतो. पण कातळटप्प्याखाली उशीर झालेला असताना हेच बोलण्यापेक्षा खाली करवंदीच्या जाळीजवळ बोललेलं परवडतं.

माणसं मोजायची पण एक पद्धत आहे. लीडरनं बोट दाखवत मोजायचं नाही, हलणारी डोकी मोजताना हमखास चुकतं. बसमध्येच प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि प्रत्येक फाट्यावर, खिंडीत, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. शाळेतल्यासारखं वाटतं, लोक हसतात, हसू देत.

दुसरं काम रेकीचं. ठरलेल्या ट्रेकच्या एक-दोन आठवडे आधी दोघं-तिघं जाऊन वाट बघून यायचं. मागच्या वर्षी गेलो होतो हे कारण चालत नाही, एका पावसात वाट वाहून जाते, दरड येते, नवीन कुंपण पडतं, गवत माणसाएवढं वाढतं. कसारा लोकल पकडायची नाहीतर कर्जत, पुढं एसटी किंवा जीप, आणि गावात उतरल्यावर पहिलं कोणाच्या तरी ओट्यावर बसायचं. मामा, मावशी म्हणून नुसत्या गप्पा मारल्या तरी कळतं की ओढ्याला पाणी कधी चढतं, वरच्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, कुठल्या कड्यावर आग्यामोहोळ बसलंय. (मोहोळ असेल तर ट्रेकच्या मेसेजमध्येच परफ्यूम-डिओ बंद म्हणून लिहायचं, खाली शेकोटी नाही, आरडाओरडा नाही.) जेवणाची ऑर्डर पण तेव्हाच, आणि तीस सांगून बावीस नेले तरी पैसे तिसांचे द्यायचे, भाकरी थापून झालेल्या असतात. वाटाड्या घ्यायला लाजू नका, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड करताना पायथ्याच्या बेलपाडा गावातला माणूस बरोबर असणं हा काही अपमान नाही.

परवानग्यांचं पण बघावं लागतं. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा अभयारण्याचा पट्टा. वासोटा कोयनेच्या अभयारण्यात, बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, वर मुक्काम नाही आणि पावसाळ्यात बंद. त्यात धबधबे नि गर्दीच्या किल्ल्यांवर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश येतात, ते कधीकधी ट्रेकच्या दोन दिवस आधी, मग शुक्रवारी रात्री सगळ्यांना फोन करत बसा. जुलै 2025 मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून नवीन लोकांना राजगड आणि लोहगडच हवे असतात, आमचा बदलापूरजवळचा चंदेरी किल्ला कोणी विचारत नाही.

वर्षाचं चक्र साधारण असं की जून ते सप्टेंबर सोपे पावसाळी ट्रेक, यात सगळ्यात जास्त नवीन माणसं येतात. दिवाळीनंतर कातळ सुकला की कान्हेरी, मुंब्रा अशा ठिकाणी प्रस्तरारोहणाचा सराव, मग थंडीत अलंग-मदन-कुलंगसारखं दोर लागणारं काहीतरी. आपला दगड बेसाल्ट, थरांचा, वरून पक्का दिसणारा धोंडा हातात निघून येतो, त्यामुळं प्रत्येक पकड आधी ठोकून बघायची सवय इथंच लागते. उन्हाळ्यात टाक्यांमधला गाळ काढायचं काम, त्याला सुद्धा किल्ला ज्या खात्याकडं असेल त्याची लेखी परवानगी लागते, फावडं घेऊन नुसतं जायचं नाही. एप्रिल-मे मध्ये दिवसा मोठे चढ आम्ही ठेवतच नाही, उष्माघात हा सह्याद्रीत दरीइतकाच खरा धोका आहे.

सापाचं एवढं लक्षात ठेवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं, तेव्हा कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो भाग हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं. आणि परिस्थिती हाताबाहेर वाटली तर लगेच महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवायचं, ते जवळच्या टीमला हलवतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या टीममध्ये पण आपल्यासारखीच नोकरी-धंदा सांभाळून येणारी माणसं आहेत, हे ध्यानात ठेवून बोला, पिझ्झाची डिलिव्हरी नाहीये.

आता कोर्सचं. बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स, म्हणजे बीएमसी (महापालिका नव्हे), त्यासाठी 1954 साली सुरू झालेली दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट), 1965 ची उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट अशा सरकारी संस्था आहेत. कोर्स साधारण महिनाभराचा, खाजगी ट्रेकच्या मानानं फी बरीच कमी, म्हणूनच जागा पटकन भरतात, वर्षभर आधी नाव घालायची तयारी ठेवा. निमला सुरुवातीला टेखलाच्या कातळावर सराव, मग भुक्कीहून तेला, गुज्जर हट हे कॅम्प करत डोकरियाणी ग्लेशियरकडं पाठीवर भरलेली सॅक घेऊन चाल. आपली पोरं कातळावर आणि चढाला कमी पडत नाहीत, अडचण होते ती थंडीची, विरळ हवेची आणि शिस्तीची. पहाटे फॉल-इन म्हणजे रांगेत हजर, सामान स्वच्छ, सांगितलं तेवढंच. ए ग्रेड मिळाली तरच पुढं ॲडव्हान्स कोर्सला जाता येतं, त्यानंतर शिकवायचा एमओआय (मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन) आणि सर्च अँड रेस्क्यू. महिनाभर सुट्टी मिळत नसेल तर पुण्यात गिरिप्रेमी या गिर्यारोहण क्लबवाल्यांची गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट आहे, तिथले छोटे कोर्स बघा. आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स कराच, मसुरीच्या हनिफल सेंटरमध्ये आठ-दहा दिवसांचा होतो, दोन दिवसांचे छोटे पण असतात. माझं विचाराल तर पैसे एकाच कोर्सपुरते असतील आणि तुम्हाला सह्याद्रीतच राहायचं असेल तर आधी हा करा, बीएमसी नंतर.

पोट भरेल का यावर? काही जणांचं भरतं. हिमालयातल्या कंपन्या बीएमसी, प्रथमोपचार आणि बरी हिंदी-इंग्रजी बघून सीझनपुरतं घेतात, मे-जून, सप्टेंबर-ऑक्टोबर, थंडीत केदारकंठा, आणि मधल्या पावसाळ्यात सह्याद्री, असं जोडत वर्ष काढणारे मित्र आहेत माझे. पण पीएफ नाही, विमा स्वतःचा स्वतः, एका गुडघ्यावर सगळा संसार. घरी लग्नाचं बोलणं निघालं की बरेच जण परत ऑफिसात येतात आणि ट्रेकला रविवारी, त्यात काही वाईट नाही, क्लब चालतोच अशांवर. शाळांच्या शिबिरात इन्स्ट्रक्टर, आउटडोअर ट्रेनिंग, उंचीवर दोरानं लटकून करायची इंडस्ट्रियल कामं हे पण पर्याय आहेत, मात्र शेवटच्यासाठी वेगळं रोप ॲक्सेसचं सर्टिफिकेट लागतं, रॅपलिंग येतं म्हणून चालत नाही.

तर सुरुवात करायची असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या क्लबांबरोबर साधे एकदिवसीय ट्रेक करा, लीडर दोर कसा तपासतो, उशीर झाल्यावर चिडतो की मार्ग काढतो ते बघा, आणि जिथं पटेल तिथं मीटिंगला जाऊन सरळ सांगा की मला काम द्या. बहुतेक वेळा पहिलं काम मिळेल ओले तंबू गच्चीवर वाळवायचं, ते सोमवारीच करा, बुधवारपर्यंत बुरशी धरते.