पोथी स्वतःसाठी वाचताय? मग या चुका टाळा

श्रावण लागला की आपल्याकडे कोकणात माजघरात नाहीतर पडवीत पोथी उघडतेच. आता बरेच जण म्हणतात आम्ही गीता, ज्ञानेश्वरी पुण्यासाठी नाही, स्वतःचं मन कळावं म्हणून वाचतो. चांगलंय, पण त्यात घोळ पण ठरलेले असतात.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पात्रं वाटून टाकणं. कुरुक्षेत्र आपल्या आतच आहे हे पटतं, पण मग दुर्योधन कोण तर बांध सरकवणारा चुलता, शकुनी म्हणजे त्याचा वकील, आणि आपण अर्थातच अर्जुन! सामायिक सातबारा असलेल्या घरात तर हे वाटप पाच मिनिटांत होतं. अहो, आत बघायचं तर सगळी पात्रं आपलीच, दुर्योधनासकट. आणि अर्जुन तरी कुठे एवढा सरळ आहे? विनोबा, आपल्या पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेले, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले, तेव्हा त्यांनी एका न्यायाधीशाचं उदाहरण दिलं. कितीतरी जणांना फाशी दिलेला माणूस, पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहिल्यावर त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागली. अर्जुनाचंही तेच. म्हणून आपल्या तोंडी अचानक मोठी तत्त्वं आली की आपलं कोण अडकलंय ते आधी बघायचं.

दुसरं, वाचताना कल्पनाशक्ती वापरायची म्हणजे डोळे मिटून बंगला-गाडी मागणं नव्हे, ते मॅनिफेस्टेशनवाले रील्स बाजूला ठेवा. गीतेच्या पहिल्या अध्यायात रथ दोन सैन्यांच्या मधे थांबतो ना, तिथेच तुम्ही पण थांबा. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंगावर काटा येतो, गांडीव हातातून निसटतं, कातडीची आग होते. हे आपल्याला कधी झालेलं, कोर्टाच्या तारखेला की भावाचा फोन आला तेव्हा, ते नीट आठवायचं. एका बैठकीला एवढं बास, सात दिवसांत संपवायची घाई पारायणाला ठीक आहे, इथे नाही.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचून लगेच श्वास कोंडून बसू नका. कुंडलिनी म्हणजे कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, काय वर्णन आहे ते, पण ती साधना गुरूसमोर करायची, मोबाईलसमोर नाही.

ओवी अडली तर पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची अभंग ज्ञानेश्वरी, म्हणजे ज्ञानेश्वरीचं सोप्या मराठीतलं रूप, शेजारी ठेवा. तरीही काहीच लागत नसेल तर पोथी बदलू नका, अध्याय बदला. तेराव्यात शरीरालाच शेत म्हटलंय, भात लावणाऱ्या माणसाला तो पटकन लागतो.