नळाचा पाइप किती खोल पुरावा? जमिनीतली उष्णता एक्सेलमध्ये मांडून पाहा

मे महिन्यात दुपारी साडेचारला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बागेच्या नळाला चक्क गरम पाणी येतं. पाइप जेमतेम १० सेंटीमीटर खाली. नवा टाकायचा ठरला तेव्हा मी आधी एक्सेलमध्ये जमीन मांडली. तुम्हालाही एका संध्याकाळात जमेल.

वरच्या ओळीत खोली लिहा: ०, ५, १० असं करत १०० सेंटीमीटरपर्यंत. डाव्या रकान्यात दर अर्ध्या तासाची वेळ, दहा दिवसांची.

० च्या रकान्यात मातीच्या पृष्ठभागाचं तापमान घाला. हवामान खात्याचे कुलाबा-सांताक्रूझचे आकडे इथे चालत नाहीत. ते सावलीतल्या हवेचे असतात, उन्हातली माती त्याहून कितीतरी जास्त तापते. टोचायचा थर्मामीटर घेऊन स्वतः मोजा. मी सरासरी ३६ अंश, त्यावर-खाली १० आणि शिखर दुपारी दीडला असा लाटेसारखा साइन वक्र धरला. १०० च्या रकान्यात कायम ३०. वेळेच्या पहिल्या ओळीत मधल्या थरांनाही (म्हणजे ५ ते ९५ च्या रकान्यांना) ३०.

आता खरं काम. प्रत्येक मधल्या थरासाठी:

नवं तापमान = जुनं + ०.३६ × (वरच्या थराचं + खालच्या थराचं − २ × जुनं)

वरचा थर म्हणजे डावीकडचा रकाना, खालचा म्हणजे उजवीकडचा. कंसातली तापमानं आधीच्या ओळीतली घ्यायची. ०.३६ म्हणजे उष्णता मातीत पसरण्याचा दर (सेकंदाला ०.००५ चौरस सेंटीमीटर) गुणिले १८०० सेकंद, भागिले ५ चा वर्ग. मी आधी एकेक तासाची पावलं घेतली होती. गुणक ०.७२ झाला आणि काही ओळींतच आकडे हजारांत गेले. गुणक ०.५ असताना थराचं स्वतःचं जुनं तापमान गणितातून पुसलं जातं. त्यापुढे ते उणे होतं, म्हणजे थर जितका गरम तितका पुढच्या ओळीत गार! म्हणून ०.५ कधीही ओलांडू नका.

सुरुवातीचे दिवस सोडून शेवटचा दिवस पाहा. १० सेंटीमीटरवर चढउतार सरासरीच्या वर-खाली साधारण ४ अंशांचा उरतो आणि शिखर पावणेपाचच्या सुमारास येतं, अगदी आमच्या नळासारखं. ३० सेंटीमीटरवर तो एका अंशाच्याही आत. आम्ही ३० ठरवले.

मुंबईत कुठे मुरूम, कुठे भराव, त्यामुळे पसरण्याचा दर जागोजागी वेगळा. १० सेंटीमीटरवर दिवसभर मोजून पाहा. चढउतार शीटपेक्षा कमी भरला तर पसरण्याचा दर कमी करा. पावसाळ्यात मात्र ही शीट वापरू नका, कारण मुरणारं पाणी स्वतःच उष्णता वाहून नेतं आणि हे समीकरण ते धरत नाही.